जवळचे बेट

दिवाळीची सुटी संपून महाविद्यालय उघडले की पहिले दोन-तीन दिवस स्टाफरूममध्ये अध्यापनाची चर्चा कमी आणि प्रवासाची अधिक होते. यंदा एक सहकारी सहकुटुंब मालदीवला जाऊन आले होते. मोबाइलच्या पडद्यावर निळेशार पाणी, पांढरी वाळू, पाण्यात खांबांवर उभी असलेली गवताच्या छपरांची घरे आणि त्या सगळ्यात माणूस जवळजवळ नाहीच. आम्ही ती छायाचित्रे मन लावून पाहिली आणि आम्हांला थोडी असूयाही वाटली, हे कबूल करायला हवे. आम्ही उभयता भंडारा जिल्ह्यात मराठी शिकवतो. घरी येऊन भंडारा-नागपूर-मुंबई-माले असा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावावा लागेल असे दिसले. कागद घडी घालून ठेवला. पण प्रश्न काही घडी होऊन बसेना. बेटावर चार दिवस घालवण्यासाठी इतके दूर जावेच लागते का?

आधी एक गंमत सांगू. पर्यटनाच्या जाहिरातींत ‘उष्ण कटिबंधातील बेट’ असा शब्दप्रयोग हमखास असतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि भंडारा एकवीस अंशांच्या आसपास. म्हणजे आपण उष्ण कटिबंधातच जन्मलो, वाढलो आणि दर मे महिन्यात त्याची किंमतही मोजतो. हिमवर्षावाने कंटाळलेल्या माणसाने उन्हाचे, ताडामाडांचे स्वप्न पाहावे हे स्वाभाविक आहे. आपण मात्र त्याचे स्वप्न उसने घेतले आणि त्याच्याबरोबर दूरपणाची त्याची कल्पनाही उसनी घेतली.

आपल्या भाषेतले बेट इतके दूरचे नाही. मराठीत वेळूचेही बेट असते. गोदावरीच्या पात्रालगतचे कोपरगाव बेट समुद्रापासून कितीतरी आत आहे. ‘द्वीप’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पाणी असलेली भूमी आहे. समुद्राची अट त्यात नाही. नदीने दुभंगून कवेत घेतलेला जमिनीचा तुकडाही आपल्या पूर्वजांना बेटच वाटत होता.

असे बेट आम्हांला फार शोधावे लागले नाही. साकोलीवरून पुढे गेले की नवेगावबांध लागते. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही भंडारा जिल्ह्यातच होते. डोंगरांच्या कोंदणातल्या त्या विस्तीर्ण तलावाच्या मधोमध मालडोंगरी नावाचे बेट आहे. तलाव बांधल्याचे श्रेय लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. धानाच्या शेतीसाठी कोहळी समाजाने या मुलखात जे असंख्य तलाव बांधले, त्यांच्यापैकी हा एक. मारुती चितमपल्ली यांनी येथे वनाधिकारी म्हणून वर्षे काढली आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून हे पाणी मराठी वाचकांच्या घरात नेऊन पोहोचवले. हिवाळ्यातल्या सकाळी काठावर बसून मालडोंगरीकडे पाहावे. ज्या एकांतासाठी विमानाचे तिकीट काढतात तो तेथे बसल्याजागी मिळतो.

येथे लेख संपवता आला असता आणि ‘आपल्याच जिल्ह्यातील निसर्गरम्य स्थळे’ या सदरात तो शोभलाही असता. पण दुसरे बेट आम्ही पाहिले, आणि त्याने आमची ही सोपी मांडणी बिघडवली.

आंभोरा हे मराठीच्या अध्यापकांना नवीन नाव नाही. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा रचनाकाल शके १११०, म्हणजे ११८८, मानला जातो आणि त्याच्या रचनास्थानाबाबत आंबेजोगाई की वैनगंगाकाठचे आंभोरा, हा वाद आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. तेथे पाच नद्यांचा संगम आहे, टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. गाव नागपूर जिल्ह्यात, समोरचा तीर आपल्या भंडाऱ्याचा. पूर्वी पलीकडे जायला नाव लागे. २०२४ साली तारांनी तोललेला भव्य पूल खुला झाला आणि त्यावरच्या उंच सज्जातून संगम न्याहाळण्याची सोयही झाली. खाली पाणीच पाणी. ते गोसीखुर्द धरणाचे फुगवट्याचे पाणी आहे. पवनी तालुक्यातील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, २००९ साली प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. पाणी चढत गेले तशा सखल जमिनी बुडाल्या आणि उंचवटे तेवढे वर राहिले. संध्याकाळच्या उन्हात हिरवे उंचवटे निळ्या पाण्यात तरंगताना दिसतात. आम्ही छायाचित्रे घेतली. त्यांत आणि स्टाफरूममध्ये पाहिलेल्या छायाचित्रांत डावे-उजवे करणे कठीण होते.

दुसऱ्या दिवशी ती आम्ही पदवीच्या वर्गात कौतुकाने दाखवली. प्रवासवर्णनाचा पाठ चालू होता. बघा, बेट पाहायला मालदीवला जायला नको, असे काहीसे आम्ही म्हणालो. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती उभी राहिली. ‘मॅडम, ते बेट नाही जी. आमच्या गावची टेकडी होय ते. माझा आजा तिथं गुरं चारत होता.’ एवढे बोलून ती खाली बसली. तिचे कुटुंब आता पुनर्वसित गावठाणात राहते.

त्या दिवशी तास पुढे नीट झाला नाही.

तेव्हापासून आम्ही जो विचार करीत आहोत तो असा. दूरच्या बेटाची खरी किंमत तिकिटात नसते. अंतराच्या मोबदल्यात आपण अज्ञान विकत घेतो. मालदीवच्या पर्यटनाची घडणच ‘एका बेटावर एक विश्रामस्थान’ अशी होती. स्थानिकांची वस्ती असलेल्या बेटांवर पाहुण्यांसाठी अतिथिगृहे काढायची मुभा २००९ नंतर मिळाली. म्हणजे कितीतरी वर्षे परदेशी पाहुण्याची आणि तेथल्या संसारी माणसाची गाठ पडू नये अशीच ती व्यवस्था होती. त्याच २००९ च्या ऑक्टोबरात मालदीवच्या मंत्रिमंडळाने समुद्राच्या तळाशी बैठक घेतली, कारण वाढत्या समुद्रपातळीत आपला देश बुडेल ही भीती जगाला सांगायची होती. पाहुण्याला हे माहीत नसले तरी त्याच्या सुटीत काही उणे पडत नाही. जवळच्या बेटावर ही सवलत मिळत नाही. तेथे पाण्याखाली काय गेले ते सांगणारे कोणीतरी आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेले असते.

मग जवळच्या बेटावर जाऊच नये काय? तसे आम्हांला वाटत नाही. धरणाने शेतीला पाणी दिले आहे, तेही खरे. २०२४ साली तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते गोसीखुर्दच्या जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले, तेव्हा रोजगाराच्या आशेने ज्यांचे डोळे चमकले त्यांत प्रकल्पग्रस्तही होते. जमीन गेलेल्या घरातल्या तरुणाला नाव चालवून चार पैसे मिळणार असतील, तर आमच्या संवेदनशीलतेने त्याच्या आड येऊ नये. पुनर्वसनासाठी २०१३ साली राज्य शासनाला सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज द्यावे लागले, म्हणजे पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी. ज्यांनी इतकी वाट पाहिली त्यांना आणखी थांबा म्हणण्याचा अधिकार सुटीवर निघालेल्या प्राध्यापकांना नाही.

आमचे म्हणणे एवढेच की हे पर्यटन मालदीवची नक्कल म्हणून उभे राहू नये. येथे वल्ही धिवरांच्या हाती असावीत. या पाण्याची जाण पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच जपली आहे. फलकावर ‘निसर्गरम्य बेट’ असे लिहिण्याऐवजी त्या टेकडीचे गावातले नाव लिहावे आणि पाण्याखाली कोणती गावे आहेत त्यांची यादी धक्क्यावर लावावी. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून या जलाशयात येते, जलपर्णीचे गालिचे पसरतात. नावा घेण्याआधी ते पाणी स्वच्छ करण्याचे पाहावे. पाहुण्यांचे काय, ते चार दिवसांनी जातील. काठावरच्या माणसाला मात्र तेच पाणी रोजचे आहे.

यावर कोणी म्हणेल, सुटी ही विसरण्यासाठी असते, तुम्ही तर तिच्यातही पुनर्वसनाचा धडा घुसवलात. आक्षेप रास्त आहे. पण आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो की चांगले प्रवासवर्णन पाहणाऱ्याला थोडे बदलून परत आणते. हे खरे असेल तर ते आम्हांलाही लागू पडते.

माघात आम्ही पुन्हा आंभोऱ्याला गेलो. या वेळी त्या विद्यार्थिनीला आणि तिच्या आजोबांना बरोबर नेले. आजोबा पुलाच्या कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. मग बोट करून सांगू लागले: तिकडे मारुतीचे देऊळ, त्याच्या अलीकडे चिंच, चिंचेखाली पार. पाण्यावर काहीच नव्हते. आम्ही वही काढली आणि ते सांगतील ती नावे लिहून घेऊ लागलो. आमची सुटी त्या दिवशी फार चांगली गेली, हे येथे नमूद करायला हवे. मोबाइल मात्र खिशातून बाहेर काढावासा वाटला नाही.