सोने कोणाचे, खर्च कोणाचा?

मुक्त उद्योगाचे गोडवे गाणाऱ्यांच्या पोथीत कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या अध्यायाला मानाचे पान असते. कुदळ-फावडे घेऊन कोणीही यावे, स्वकष्टाने धनवान व्हावे, सरकारने मध्ये पडू नये आणि ह्यातूनच एक समृद्ध राज्य उभे राहावे, अशी ती कथा. तपासणीत तिच्यातील एकही विधान टिकत नाही.

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले, तेव्हा तो प्रदेश कायद्याने मेक्सिकोचा होता. त्यानंतर नऊ दिवसांनी झालेल्या तहाने तो अमेरिकेकडे गेला. तेथे पिढ्यानुपिढ्या नांदणाऱ्या सुमारे दीड लाख मूळ रहिवाशांना कोणी विचारले नाही. १८७० पर्यंत त्यांच्यापैकी तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराईने पुष्कळ गेले हे खरे; परंतु रोगराई पुढे करून बंदुका लपविता येत नाहीत. १८५० च्या ज्या कायद्याने आदिवासी मुलांना गोऱ्यांकडे वेठीस ठेवण्याची मुभा दिली, त्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द होता! पुढच्याच वर्षी गव्हर्नर पीटर बर्नेट ह्यांनी विधिमंडळास सांगितले की, हा वंश नामशेष होईपर्यंत संहाराचे युद्ध चालूच राहील. त्या मोहिमांसाठी राज्याने रोखे काढून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम खर्ची घातली आणि तिचा मोठा वाटा केंद्र सरकारने भरून दिला. सरकार मध्ये पडले नाही म्हणतात, ते हेच काय? २०१९ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम ह्यांनी ह्या कृत्यांना वंशसंहार म्हणून माफी मागितली. गोडवे गाणाऱ्यांच्या कानी ती पडलेली दिसत नाही.

स्पर्धाही अशीच ‘खुली’ होती. १८५० साली परदेशी खाणकऱ्यांवर दरमहा वीस डॉलरचा कर बसला. तो रद्द झाल्यावर १८५२ मध्ये तीन डॉलरचा नवा कर मुख्यतः चिनी मजुरांच्या माथी मारला गेला. १८५४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्षच अग्राह्य ठरविली.

मग निदान गोऱ्या श्रमिकाचे तरी भले झाले काय? थोड्यांचे झाले. सॅम ब्रॅनन ह्या दुकानदाराने आधी फावडी-पराती गोळा केल्या आणि मग सॅन फ्रान्सिस्कोत सोन्याची हाकाटी केली. लक्षाधीश झाला तो असा. सोने शोधणारा मार्शल मात्र १८८५ मध्ये दारिद्र्यात मेला. नदीच्या वाळूतील सोने काही वर्षांतच आटले. १८५३ पासून प्रचंड दाबाच्या पाण्याच्या झोतांनी डोंगर फोडण्याचे तंत्र आले, त्याला कालवे लागत, कालव्यांना भांडवल लागे. कालचा स्वतंत्र खाणकरी कंपनीचा रोजंदार झाला.

फोडलेल्या डोंगरांचा चिखल खालच्या खोऱ्यातील शेतांवर पसरत राहिला. न्यायमूर्ती सॉयर ह्यांनी त्यास मनाई केली ती १८८४ मध्ये. सोने वेगळे करण्यासाठी वापरलेला पारा त्या नद्यांच्या गाळात अद्यापि आहे. कोणत्या पाण्यातील कोणता मासा खाऊ नये, ह्याच्या सूचना राज्य सरकार आजही काढते, आणि त्या सूचनांचा खर्चही करदात्यांच्याच खात्यावर पडतो.