एका शिष्याला एक गुरू



आपल्या जालन्यात ‘कोचिंग’ हा शब्द उच्चारला की दहावी-बारावीचे क्लास, बाकांवर दाटीवाटीने बसलेली मुले आणि चौकात लागलेले गुणवंतांचे फलक डोळ्यांसमोर येतात. आज ज्या कोचिंगविषयी लिहावयाचे आहे, त्यात बाके नाहीत आणि फलकही नाहीत. एक मुलगा किंवा मुलगी आणि एक मार्गदर्शक आठवड्यातून एकदा-दोनदा तास-पाऊण तास समोरासमोर बसतात, एवढेच त्याचे स्वरूप. ज्यांच्या मेंदूची काम करण्याची रीत इतरांहून निराळी आहे, अशा किशोरवयीन मुलांसाठी हे मार्गदर्शन असते. अशा मुलांना अलीकडे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ असे म्हणतात. स्वमग्नता, एडीएचडी म्हणजे अतिचंचलता व अवधानाचा अभाव, वाचन-लेखनातील डिस्लेक्सिया, अंकगणितातील डिस्कॅल्क्युलिया, ही त्याची प्रमुख रूपे होत.

व्यापारी कुटुंबांत अशा मुलांविषयी दोन वाक्ये वारंवार कानी पडतात. पहिले, “शिकत नाही ना, मग दुकानात बसवू.” दुसरे, “बाहेर बोलू नका, मोठीचे स्थळ पाहायचे आहे.” पहिल्या वाक्याने मुलाचे शिक्षण थांबते, दुसऱ्याने त्याला मिळू शकणारी मदत थांबते. तिसरेही एक वाक्य आहे आणि ते धर्माच्या नावाने उच्चारले जाते: “ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, काय करणार?”

या तिसऱ्या वाक्याला उत्तर आपल्याच परंपरेत आहे. मासतुष मुनींची कथा आपल्यापैकी अनेकांनी व्याख्यानांतून ऐकली असेल. त्यांना पाठांतर काही केल्या साधेना. गुरूंनी ‘कर्म आहे’ म्हणून त्यांना सोडून दिले नाही, की इतर शिष्यांइतके पाठ झालेच पाहिजे असा आग्रहही धरला नाही. त्यांनी पाठच लहान केला. रागावू नकोस, हर्षून जाऊ नकोस, एवढ्याच अर्थाचे ‘मा रुष, मा तुष’ हे शब्द दिले. तेही शिष्याच्या मुखी ‘मासतुष’ असे झाले. लोक हसले, पण मुनी समभावाने तोच पाठ घोकत राहिले आणि अखेर केवलज्ञानापर्यंत पोहोचले. दिगंबर परंपरेत शिवभूती मुनींची कथाही याच आशयाची आहे. कर्माचा उदय मान्य करूनही गुरूंनी पुरुषार्थाचा मार्ग शोधला आणि तो त्या एका शिष्याच्या मापाचा शोधला.

बँकेच्या कामातही याच जातीचा एक नियम असे. दिवसाअखेर तेरीज जुळली नाही, तर आधी फरकाची रक्कम पाहावयाची. त्या रकमेला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. ६३ च्या जागी ३६ लिहिले गेले, तर फरक २७ येतो. मग लिहिणाऱ्यावर ओरडत न बसता अदलाबदल कोठे झाली ती शोधावयाची. जो मुलगा दररोज ६३ चे ३६ लिहितो, त्याच्या चुकीतही एक ठराविक नमुना असतो. ‘लक्ष देत नाही’ असे म्हणून तो नमुना सापडत नाही. त्यासाठी कुणीतरी त्याच्या शेजारी बसून, त्याची वही शांतपणे पाहावी लागते. तीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला हे शक्य होत नाही. एकास एक मार्गदर्शनाची गरज येथेच निर्माण होते.

हा मार्गदर्शक नेमके काय करतो? एडीएचडी असलेल्या मुलाला पुष्कळदा विषय समजतो, परंतु सुरुवात करणे, क्रम लावणे आणि वेळेचा अंदाज घेणे जमत नाही. मार्गदर्शक त्याच्याबरोबर मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडतो, वीस मिनिटे काम व पाच मिनिटे विश्रांती अशी घडी बसवतो, आठवडाभराचे कोष्टक भिंतीवर लावावयास शिकवतो. स्वमग्न मुलीला अचानक बदललेला बेत किंवा लग्नमंडपातील लाउडस्पीकर असह्य होतो. तिला आधी काय घडणार आहे ते सांगणे आणि ‘मला थोडा वेळ बाहेर बसायचे आहे’ असे म्हणावयास शिकवणे, हेही या कामात येते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी मात्र वाचन-लेखन पायरीपायरीने शिकवणारा विशेष शिक्षक लागतो. मुंबईत पालक व तज्ज्ञांनी १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन केली, ती याच गरजेतून. सर्वत्र एक गोष्ट समान असते: उद्दिष्ट ठरवताना मुलाला विचारले जाते. पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतः निवडलेले लहान उद्दिष्ट वडिलांनी लादलेल्या मोठ्या उद्दिष्टापेक्षा अधिक टिकते.

येथे दोन सावधानतेच्या सूचना. मार्गदर्शक हा डॉक्टर नव्हे. निदान करणे अथवा औषध बदलणे त्याचे काम नाही. आपल्या देशात ‘कोच’ म्हणवून घेण्यास कोणताही परवाना लागत नाही. विशेष शिक्षक आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारावा. ‘सहा महिन्यांत पूर्ण बरे करतो’ असे सांगणाऱ्यास आगाऊ रक्कम देऊ नये. जालना, अंबड, परतूर वा भोकरदन येथे योग्य व्यक्ती न मिळाल्यास छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या तज्ज्ञांशी व्हिडिओ कॉलवरून बैठका करता येतात. पहिल्या काही बैठका पाहून मगच पुढे जावे, आणि बैठकीच्या वेळी घरातील मोठे माणूस जवळपास असावे.

आता दुकानाविषयी. दुकान वाईट नाही. पूर्वी पेढीवर मुनीमजी नव्या मुलाला शेजारी बसवून रोकड, खतावणी, उधारी एकेक करून शिकवीत. तेही एकास एक शिक्षणच होते. मोंढ्यातील आडत असो वा सराफ्यातील दुकान, माल मोजणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, साठ्याची यादी ठेवणे यांत अशी कित्येक मुले उत्तम रमतात. परंतु शिकवण्यासाठी दुकानात बसवणे वेगळे आणि लपवण्यासाठी बसवणे वेगळे. पहिल्यात मुलाच्या हाती ठरलेले काम व ठरलेला मोबदला असतो; दुसऱ्यात त्याला मागच्या गोदामात नुसते गुंतवून ठेवलेले असते.

कागदपत्रांची बाजूही वेळेवर पाहावी. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला. एडीएचडी मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. योग्य प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. परीक्षेच्या तोंडावर धावपळ करण्याऐवजी आठवी-नववीतच जिल्हा रुग्णालयात व शाळेत चौकशी सुरू करावी.

बँकेसंबंधी दोन गोष्टी सांगतो. दहा वर्षांवरील मुलांना मर्यादित व्यवहारांसाठी स्वतःचे बचत खाते चालवू देण्यास रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. अशा मुलाच्या हाती त्याचे पासबुक देणे हा पैशाचा उत्तम धडा होय. दुसरी गोष्ट, अठरा पूर्ण होताच आई-वडिलांचा त्याच्या खात्यावरील अधिकार आपोआप संपतो. बहुतेक मुले स्वतः सही करून व्यवहार करू शकतात आणि त्यांना तो करू द्यावा. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता यांमुळे ज्यांना खरोखर आधार लागतो, त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हास्तरावरील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. ते प्रमाणपत्र बँका स्वीकारतात.

या सर्वांचा खर्च ऐकून काही जण कचरतील. दुकानाच्या फर्निचरवर, लग्नाच्या मंडपावर आपण किती खर्च करतो, तो आकडा एकदा शेजारी मांडावा. ज्यांना तरीही परवडत नाही, त्यांच्यासाठी संघाने पाठशाळेचे एखादे दालन आठवड्यातून दोन दुपारी उघडून द्यावे आणि तज्ज्ञाचे मानधन वाटून घ्यावे. जीवदयेसाठी आपला समाज सढळ हाताने देतो. आपल्याच घरातील एका मुलाचे मन रोज दुखावले जात असेल, तर ते थांबवणे हीही जीवदयाच आहे.

पुढील अंकी अशा मुलांच्या भविष्यासाठी मृत्युपत्र व नामनिर्देशन कसे करावे, याविषयी.