छापखान्याची अट कशासाठी?

ई-पुस्तकामुळे लेखक प्रकाशकाच्या दारातून मुक्त झाला, असे मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. जुलै २०१८ मध्ये ई-पुस्तकांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण केवळ छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता. छपाई परवडत नाही म्हणून ई-पुस्तकाकडे वळलेल्या लेखकालाच सवलत नाकारली गेली.

दुकानातही अटी आहेतच. ॲमेझॉनच्या किंडलने २०१६ च्या अखेरीस हिंदी, मराठी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम या पाच भाषांत स्वयंप्रकाशन खुले केले. बंगाली, तेलुगू, कन्नड त्या यादीत नव्हत्या. आठव्या अनुसूचीत मात्र २२ भाषा आहेत. शिवाय, भारतातील विक्रीवर ७० टक्के स्वामित्वधन हवे असेल, तर ते ई-पुस्तक अन्यत्र विकता येत नाही. विकल्यास वाटा ३५ टक्क्यांवर येतो.

दुकानदार आपला व्यापार पाहणारच. शासनाने मात्र पुस्तकाची व्याख्या कागदाला बांधून ठेवू नये. अट काढल्यास कोणताही मजकूर पुस्तक म्हणून खपवला जाईल, ही शंका रास्त आहे. त्यासाठी आयएसबीएन क्रमांकाची कसोटी लावता येईल. राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते. ज्ञानावर कर नको, हे तत्त्व छापील पुस्तकाबाबत आपण मान्य केले आहे. मग पडद्यावर वाचले जाणारे ज्ञान निराळे कसे ठरते?