कुंतीला मार्ग दाखविणार कोण?

लोकलज्जेपायी कुंतीने नवजात कर्णाला नदीत सोडले. तिला मार्ग दाखविणारे कोणी नव्हते. आजच्या कुमारी मातेसाठी मार्ग आहे. पण घराण्याच्या प्रतिष्ठेपायी तो तिच्यापासून दडविला जातो.

पुण्यात १८६३ साली जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पुढे तेथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार असहाय माता-पित्यांना आपले मूल बाल कल्याण समितीपुढे सुपूर्द करता येते. त्यापूर्वी समुपदेशन आणि त्यानंतर फेरविचारासाठी दोन महिने, अशी तरतूद आहे. मुदत संपल्यावरच दत्तकाची वाट मोकळी होते.

तरीही अर्भके उकिरड्यावर सापडतात आणि समाज दूषणे देतो ती एकट्या मातेला! तिला धाक घालणारे घर आणि हात झटकणारा तरुण मात्र नामानिराळे. मूल वाढवावे की सोपवावे, हा निर्णय तिचाच. दटावून घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

मातृशक्तीचा जयघोष पुरे झाला. संकटात सापडलेली मुलगी निर्भयपणे बोलू शकेल, असे घर आधी उभे राहिले पाहिजे.