मुक्या गाईची साक्ष

गाय आजारी पडली तरी ती कोणापाशीं गाऱ्हाणें नेत नाहीं. हिंस्र पशूंच्या भयांत युगानुयुगें वावरलेल्या या जातीचा स्वभावच असा कीं, दुखणें होतां होईल तों लपवावें. कळपांत जें जनावर दुबळें दिसेल तेंच प्रथम बळी पडावयाचें. घरीं दोन गाई असल्या म्हणजे हें मौन ओळखावयास घरधनिणीची नजर पुरते. आंबोणापुढून गाईनें मान फिरविली कीं तिच्या मनांत शंका येते. परंतु जेथें एका छपराखालीं पांचशें गाई आणि त्यांच्यामागें चारदोन माणसें, तेथें ही नजर कशी पुरावी? ही उणीव भरून काढण्यासाठींच पाश्चात्य देशांतील मोठ्या गोठ्यांत संवेदक, म्हणजेच सेन्सर, आले.

या साधनांची घडण मोठी मौजेची आहे. एक पट्टा पायाला बांधतात. तो पावलें मोजतो आणि गाय किती वेळ बसली तेंही टिपतो. माजावर आलेली गाय कित्येकदां एरवींच्या दुपटीहून अधिक चालते, त्यामुळें मध्यरात्रींचा माजही धन्यास कळतो. तो हुकला तर पुढल्या माजासाठीं सुमारें २१ दिवस थांबावें लागतें. गळ्यांतील पट्टा रवंथ करण्याचा वेळ मोजतो. निरोगी गाय दिवसाकांठीं ७ ते १० तास रवंथ करते. हा वेळ एकाएकीं घटला तर पोट बिघडलें, ताप आला किंवा विण्याची वेळ जवळ आली, असा तर्क करतां येतो. तिसरें साधन तर गाईच्या पोटांतच राहतें. नळकांड्यासारखी एक जड गोळी तिला गिळावयास देतात. ती पोटाच्या दुसऱ्या कप्प्यांत स्थिर होऊन आंतील उष्णमान बिनतारी संदेशानें कळवीत राहते. गाय थंड पाणी प्याली कीं हें उष्णमान कांहीं वेळ उतरतें. म्हणून ती दिवसांतून किती वेळां पाणी प्याली, हेंही त्यावरून समजतें. कासेला दाह झाला म्हणजे दुधांतील क्षार वाढतात व त्यांतून वीज अधिक सहज वाहते. दूध काढण्याचें यंत्र तेवढ्यावरून इशारा देतें.

पण यांत धन्याचें हित किती आणि गाईचें सुख किती? १९६४ सालीं रूथ हॅरिसन या इंग्रज विदुषीनें कारखानी पशुपालनावर टीका करणारें पुस्तक लिहिलें. त्यानंतर सरकारनें नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीनें १९६५ सालीं सांगितलें कीं, जनावरास निदान उठतां, बसतां, वळतां, अंग स्वच्छ करतां व पाय ताणतां आले पाहिजेत. १९७९ सालीं तेथील पशुकल्याण मंडळानें यांतूनच पांच स्वातंत्र्यें मांडलीं: भूकतहान, गैरसोय, दुखणेंखुपणें आणि भय यांपासून मुक्तता, व जातिस्वभावाप्रमाणें वागण्याची मोकळीक.

या कसोटीस संवेदक अर्धाच उतरतो. दुखणें व तहान तो बरीं ओळखतो. मोकळीक मात्र तो देऊं शकत नाहीं. गाय दिवसभर खुंट्याला बांधलेली असेल, तर पायांतील यंत्रानें पावलें मोजावीं तरी कोणाचीं? शिवाय दूध व माज यांच्या आंकड्यांत पैसा असतो, म्हणून ते आधीं पाहिले जातात. लंगडणाऱ्या गाईची सूचना मागें पडण्याचें भय राहतेंच.

आपल्याकडे गाईम्हशींच्या कानांत जो पिवळा बिल्ला दिसतो, त्यावरील बारा अंकी क्रमांक जनावराची ओळख पटवितो, प्रकृति सांगत नाहीं. मात्र आपल्या बहुतेक गोठ्यांत जनावरें थोडीं असल्यामुळें महागड्या यंत्रावांचून कांहीं अडत नाहीं. यंत्र जें मोजतें तेंच आपण पाहावें: चाल, बसणें, पाणी आणि रवंथ. सायंकाळीं गोठ्यांत घटकाभर शांतपणें उभें राहावें. स्वस्थ बसलेल्या गाईंपैकीं निम्म्याहून अधिक रवंथ करतांना दिसाव्यात. तशा त्या न दिसल्या तर वैरण, पाणी, खालची जमीन व दाव्याची लांबी तपासावी. घरांतील मुलांसही हें काम सांगावें. त्यांची नजर तीक्ष्ण असते. आणि ज्या घरीं थोडें तरी अंगण आहे, तेथें गाईचें दावें दिवसांतून कांहीं वेळ सोडावें. गाईच्या प्रकृतीची साक्ष यंत्र देईल. दावें सोडणें मात्र आपल्याच हातीं आहे.