जिवाणी कुठं सोडायची?

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर सात-आठ पोरं पाठशाळेला जमतात. मी विचारते, "पंचेंद्रिय तिर्यंच किती प्रकारचे?" "तीन! जलचर, थलचर, नभचर!" गल्ली दणाणते. "जलचर म्हणजे कोण?" "मासा!" बस, गाडी तिथंच थांबते. गोदावरी मंचेरियलच्या दाराशी, आणि आमच्या पोरांना पाण्यातला जीव ठाऊक एकच, तोही बाजारात टोपलीत पाहिलेला.

दोष पोरांचा नाही, माझा आहे.

शिखरजीच्या यात्रेत आम्ही चंपापूरला गेलो होतो. वासुपूज्य भगवंतांची पाचही कल्याणकं जिथं झाली ते हे क्षेत्र, म्हणजे आजचं भागलपूर. नातू म्हणाला, "आजी, इथल्या गंगेत डॉल्फिन आहेत. बघू या ना!" खरं होतं त्याचं. सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा १९९१ पासून डॉल्फिनचं अभयारण्य आहे. पण बस सुटायची घाई. मी त्याला दटावलं, "आपण दर्शनाला आलोय, मासे बघायला नाही."

या वाक्यात दोन चुका होत्या. पहिली म्हणजे डॉल्फिन मासा नव्हे. ती पिल्लाला दूध पाजते. श्वासासाठी तिला मिनिटा-दोन मिनिटांनी पाण्यावर यावंच लागतं; जाळ्यात गुंतली की बिचारी पाण्यातच गुदमरून मरते. गंगेच्या डॉल्फिनला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. ती आवाज सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, भक्ष्य शोधते. दोन-तीन वर्षांत एखादंच पिल्लू. २००९ मध्ये सरकारनं तिला राष्ट्रीय जलचर ठरवलं. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत साऱ्या देशात नदीतले डॉल्फिन भरले ६,३२७. दुसरी चूक याहून मोठी. दर्शन वेगळं आणि जीव बघणं वेगळं, असं मी त्या पोराला शिकवलं.

मैत्रिणींनो, राग आला तरी चालेल, पण आपली अहिंसा स्वयंपाकघरात कोंडली गेलीय. कांदा नको, बटाटा नको, सूर्यास्तानंतर जेवण नको. हे सगळं पाळावं, मीही पाळते. पण माझी आजी पाणी गाळायची, तेव्हा गाळण्यात राहिलेले जीव, ती जिवाणी, मोरीत ओतायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत अलगद सोडायची. म्हणजे तिला विहीर ठाऊक असावी लागे. आता नळ आला, फिल्टर आला. पाणी कुठून येतं, हेच पोरांना माहीत नाही. मग जिवाणी कुठं सोडायची?

कुणी म्हणेल, आपल्या गोदावरीत कुठं डॉल्फिन? नाही. पण मगर आहे. आपल्याच जिल्ह्यात, गोदाकाठी शिव्वारमला, १९७८ पासून मगरींसाठी अभयारण्य आहे. गंमत बघा, हिंदीत डॉल्फिनला सूंस म्हणतात आणि आपण मगरीला सुसर. दोन्ही शब्द एकाच 'शिशुमार'ची लेकरं.

"मगर हिंस्र. तिची कसली दया?" हे एका शिकलेल्या बाईनं मला विचारलं. अहो, नववे तीर्थंकर पुष्पदंत, त्यांचं लांछन काय? मगर! वेदीवर कोरलेल्या मगरीपुढं अक्षता वाहायच्या आणि नदीतली दिसली की दगड उचलायचा? दया फक्त गरीब गाईसाठी असेल, तर तिला अहिंसा म्हणू नका, आवड म्हणा.

"मगरी बघून काय मोक्ष मिळणार?" हेही ऐकलं. मोक्षाचं मला कळत नाही. पण ज्या पोरानं जीव कधी निरखलाच नाही, त्याची जीवदया पाठांतरातच राहणार, एवढं कळतं.

भीती मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. म्हणून नियम हवेत. वनखात्याच्या माणसाशिवाय काठावर जायचं नाही. लांब राहायचं, पाण्यात पाय घालायचा नाही, ओरडायचं नाही, खायला टाकायचं नाही. थंडीत ऊन वर आलं की मगर काठावर अंग शेकायला येते, तीच वेळ बघायची. हातात वही हवी. तारीख, वेळ, काय दिसलं, किती वेळ दिसलं. काठावर जाळ्याचे तुकडे, प्लास्टिक किती, हेही लिहायचं. काहीच दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं लिहायचं. तेही खरं बोलणंच.

यंदाच्या थंडीत पाठशाळेचा एक रविवार मी शिव्वारमला नेणार आहे. मुलींनाही. डबे घरून, आणि सूर्यास्ताआधी परत. कमिटीची परवानगी अजून मिळालेली नाही. "पुढल्या वर्षी बघू" म्हणतात. नातू आता नववीत आहे, चंपापूरचं अजून विसरलेला नाही. त्याला मी पुन्हा "बस सुटेल" म्हणणार नाही. तुमच्यातल्या कुणाला पोरं पाठवायची असतील, तर आताच सांगा.