सायकलीचे पडिलेहण

रविवारी पहाटे मुलुंडच्या रस्त्यांवर सायकलस्वारांचे लहान गट दिसतात. कोणी चेकनाका ओलांडून ठाणे व घोडबंदर मार्गाकडे वळतो, कोणी ऐरोली पुलावरून नवी मुंबईची वाट धरतो, तर डोंगरी सायकल बाळगणारे येऊरचा चढ गाठतात. त्यांत जैन घरांतील तरुण व प्रौढही असतात. सोबत काय घ्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे थोडा निराळा उभा राहतो; कारण त्यांच्याबरोबर एखादा नियमही प्रवासाला निघालेला असतो.

नवकारशीचेच पाहावे. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत अन्न-पाणी वर्ज्य. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. म्हणजे आठपर्यंत पाण्याचा घोटही नाही. अशा वेळी साडेपाचला निघून अडीच तास घाम गाळणे प्रकृतीला घातक ठरू शकते. मे महिन्यात नवकारशी सातच्या आत येते, पण उकाडा अधिक असतो. म्हणून निघण्याची वेळ पुढे ढकलावी, किंवा आधीचा टप्पा लहान व सपाट ठेवून चढ नवकारशीनंतर घ्यावा. नियम राखण्याची तयारी अशी आदल्या रात्रीच होते.

उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एका लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले, की घामावाटे गेलेले क्षार काही अंशी भरून निघतात. चमचा चहाचा असावा. खाकरे, गूळ व शेंगदाण्याची चिक्की टिकतात आणि तिथीच्या दिवशीही चालतात. चौविहार असणाऱ्याने परतीच्या वाटेसाठी थोडा खाऊ राखून ठेवावा. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. वाटेत पंक्चर झाले, तर घरचे जेवण त्या दिवशी हुकतेच.

पंक्चरसाठी एक जादा ट्यूब, टायर उतरवण्याचे दोन लिव्हर, छोटा हातपंप, ठिगळांची डबी आणि अनेक पाने एकत्र असलेले हत्यार पुरेसे होते. ट्यूब आपल्या चाकाच्या मापाची असावी. रोडबाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुधा बारीक असतो. रस्त्याकडेच्या दुकानातील पंप त्याला बसत नाही. त्यासाठी लहानसा पितळी अडॅप्टर जवळ असावा. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून जपून बोट फिरवावे. रुतलेला काटा तसाच राहिला, तर दुसरी ट्यूबही जाते. डोंगरवाटेवर चेन तुटण्याची शक्यता लक्षात घेऊन तिची जोडकडीही घ्यावी.

हेल्मेट, पुढे पांढरा व मागे लाल दिवा, थोडी रोख रक्कम, तसेच नाव, रक्तगट व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी यांत काटकसर करू नये. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि तेथे बिबट्यांचा वावर आहे. प्रवेशाचे नियम पाळावेत व अंधारापूर्वी परतावे. पावसाळ्यात ओल्या गवतात चाक घालू नये. मातीत असंख्य जीव असतात; ईर्यासमितीची शिकवण चाकालाही लागू पडते.

इतके सारे बाळगणे अपरिग्रहाला धरून आहे काय? तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ आसक्तीत सांगितले आहे. साधू-साध्वीही संयमाला आवश्यक उपकरणे जवळ ठेवतात, ती स्वतः वाहतात आणि नित्य त्यांचे पडिलेहण करतात. वरील साहित्य खोगिराखालच्या पिशवीत, अंगरख्याच्या खिशांत व सायकलच्या दांडीवर मावते. त्यापलीकडचा भार चढावर स्वतःच बोलू लागतो. जे घेतले नाही, त्याचा भार मात्र दुसऱ्यावर पडतो: थांबून राहिलेल्या सोबत्यावर, मध्यरात्री गाडी काढणाऱ्या भावावर, दाराशी ताटकळलेल्या आईवर.

म्हणून शनिवारी सायंकाळी दहा मिनिटे काढावीत. हवा, ब्रेक, चेन, दिवे व पिशवीतील प्रत्येक वस्तू हाताळून पाहावी. मागील फेरीत वापरलेली ट्यूब पुन्हा भरली गेली आहे का, हे तेव्हाच कळते.